कॅचवेटची जोड: वजन कसं ठरवायचं, करारात काय लिहायचं, काट्यावर काय पाहायचं

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १४७ पौंडांचा गट आहे, १५४ चा आहे. १५० चा नाही. पण दोन्ही बॉक्सर राजी असले आणि लढतीला मान्यता देणारी संस्था तयार असली, तर लढत १५० ला लावता येते. याला कॅचवेट म्हणतात. हा आकडा कोणाच्या सोयीचा आहे आणि त्यावर यायला कोणाच्या अंगातून काय जाणार आहे, यावरून भांडणं होतात.

मुंबईत व्यावसायिक लढती मोजक्याच होतात, त्यामुळे नेमक्या गटातला प्रतिस्पर्धी वेळेवर मिळणं कठीण. एक मुलगा ६१ किलोच्या गटातला, समोरचा ६६ च्या, हॉलचं भाडं भरून झालेलं, मग फोनवर ‘मधे कुठेतरी जमवू’ असं ठरतं आणि करारात नुसता एक आकडा लिहिला जातो. हा एक आकडा पुरत नाही. बॉक्सर, कोच आणि छोटे आयोजक, तिघांनीही सही करण्याआधी काय काय पाहायचं, ते पुढे दिलं आहे.

पौंडांपेक्षा टक्के बघा

पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा गट सर्वमान्य आहेत. सगळ्यात खालचा १०५ पौंडांचा (४७.६ किलो). तिथून ११८ पर्यंत दोन गटांतलं अंतर ३-४ पौंडांचं असतं, पुढे १४० पर्यंत ४-५ चं. मग १४७, १५४, १६०, १६८, १७५ आणि एकदम २०० (९०.७ किलो). त्यावर हेवीवेट, ज्याला वरची मर्यादाच नाही. जागतिक जेतेपदं देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संस्थेने २०२० मध्ये २२४ पौंडांचा ब्रिजरवेट हा आणखी एक गट आणला.

१७५ आणि २०० मधली दरी २५ पौंडांची आहे. ८३-८४ किलोच्या बॉक्सरला हक्काचं घरच नाही. तिथे १८५ पौंडांची कॅचवेट लढत लागली तर हरकत घ्यायचं कारण नाही. पण १०८ आणि ११२ पौंडांच्या मधे कोणी कॅचवेट मागत असेल, तर एकाला आपला गट जमत नाहीये, एवढंच त्यातून कळतं.

३ पौंड म्हणजे १०८ पौंडांच्या बॉक्सरच्या वजनाचे २.८ टक्के आणि १७५ च्या बॉक्सरचे १.७ टक्के. ठोसा डोक्यावर बसतो तेव्हा हा फरक जाणवतो. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या नियमांत म्हणूनच चढती शिडी आहे: ११८ पौंडांपर्यंत दोघांत ३ पौंडांहून जास्त फरक नको, १२६ पर्यंत ५, १३५ पर्यंत ७, १४७ पर्यंत ९. आपल्याकडे जोड ठरवताना हीच शिडी हाताशी ठेवावी.

हेवीवेटचं उदाहरण देऊन कोणी गप्प करू पाहील. २००९ मध्ये डेव्हिड हेय २१७ पौंडांचा आणि निकोलाय वालुएव ३१६ चा होता, जिंकला हेय. मे २०२४ मध्ये उसिक २२३.५ आणि फ्युरी २६२ पौंडांचा होता, जिंकला उसिक. पण २०० पौंडांच्या वरच्या माणसाच्या ठोशात समोरच्या कुणालाही आडवं करायची ताकद असते, आणि अंगावरचं जादा वजन वेग खातं. ५५ किलोच्या मुलाला ६१ च्या समोर उभं करताना हा दाखला लागू पडत नाही.

दोघांचं खरं वजन काढा

प्रत्येक बॉक्सरची तीन वजनं असतात: रोजचं, काट्यावरचं आणि रिंगमधलं. बोलणी बहुतेक वेळा मधल्यावर होतात. लढत मात्र तिसऱ्यावर होते.

रोजचं वजन असं काढा: सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, फक्त अंतर्वस्त्रांत, सलग सात दिवस, एकाच काट्यावर. सातांची सरासरी घ्या. एका दिवसाचा आकडा धरू नका. आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्याच्या मिठानेही तो वर जातो. स्त्री बॉक्सरच्या बाबतीत मासिक पाळीच्या दिवसांत अंगात पाणी साठून एखादा किलो सहज वाढतो. लढतीची तारीख ठरवतानाच हे विचारून घ्यावं, कोचने लाजू नये.

प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या लढतींची वजनं बॉक्सरेक या बॉक्सिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. ती काट्यावरची असतात, म्हणून त्यांवरून मापाचा अंदाज येतो, रिंगमधलं वजन कळत नाही. करारावर बोलणं सुरू झालं की दर आठवड्याला काट्यावरचा व्हिडिओ मागा, आपलाही द्या. ज्याला हे नको असतं, त्याचं रोजचं वजन सांगितलंय त्याहून जास्त आहे असं समजून चाला.

हौशी बॉक्सिंगमधून नुकत्याच आलेल्या मुलांना हा भाग नवा असतो. तिथे स्पर्धेच्या सकाळी वजन होतं आणि त्याच दिवशी लढत, त्यामुळे फार पाणी काढून चालत नाही. कुस्तीतही तसंच, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅमने अडकली, ते सगळ्यांना आठवत असेल. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १९८० च्या दशकापासून आदल्या दिवशी वजन घेण्याची पद्धत रूढ झाली. बॉक्सरला पाणी भरून घ्यायला वेळ मिळावा, हा त्यामागचा चांगला हेतू. घडलं असं की त्या वेळेच्या भरवशावर लोक आणखी जास्त पाणी काढू लागले.

फेब्रुवारी २००० मधली आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची न्यूयॉर्कमधली लढत याचं सगळ्यात वाईट उदाहरण. ठरलेलं वजन १४१ पौंड. लढतीच्या रात्री टीव्ही वाहिनीच्या काट्यावर गॅटी १६० आणि गमाश १४५. दुसऱ्याच राउंडला गमाश खाली गेला, मेंदूला इजा झाली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. कागदावर दोघं एका वजनाचे होते.

आकडा ठरवण्याचं गणित

एक उदाहरण घेऊ. मोठा बॉक्सर ६६.७ किलोच्या (१४७ पौंड) गटात लढतो, रोजचं वजन ७३. लहान ६१.२ किलोच्या (१३५ पौंड) गटात लढतो, रोजचं ६६.

पहिला प्रस्ताव येतो ‘मधला’, म्हणजे ६४. दिसायला न्याय्य. पण ६४ ला यायला मोठ्याला ९ किलो, म्हणजे १२.३ टक्के काढावे लागतात आणि लहान्याला २ किलो, ३ टक्के. मोठा एकतर वजन चुकवेल, नाहीतर सुकून येईल. वजन जमवून रात्रीत पाच-सहा किलो भरलं तर लहान्यावर अन्याय, भरलं नाही तर मोठ्याच्या जिवाशी खेळ. दोन गटांचा मध्य काढणं हा कॅचवेट ठरवायचा सर्वांत वाईट मार्ग आहे.

उलट बाजूने चला. लहान्याने वजन काढायचंच नाही. त्याचं रोजचं ६६ हीच मर्यादा धरा. मग रिंगमध्ये जास्तीत जास्त किती फरक चालेल ते ठरवा. ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. ६६ चे ५ टक्के ३.३. म्हणजे लढतीच्या सकाळी मोठ्याचं वजन ६९.३ पेक्षा जास्त नको.

आता हाच ६९.३ चा आकडा मागे न्या: लढतीच्या सात दिवस आधीही मोठ्याचं वजन ६९.३ पेक्षा जास्त असता कामा नये. सात दिवस आधीची मर्यादा आणि लढतीच्या सकाळची मर्यादा एकच ठेवायची. मग शेवटच्या आठवड्यात त्याने जेवढं पाणी काढलं तेवढंच त्याला परत भरता येतं. त्याहून जास्त काढायचा फायदाच उरत नाही आणि भरायला मनाईही होत नाही. नुसती दुसऱ्या दिवशीची मर्यादा घातली आणि आधीची घातली नाही, तर दहा टक्के पाणी काढून आलेल्या माणसाला ‘आता पिऊ नकोस’ असं सांगितल्यासारखं होतं. पाणी भरण्यावरची ही बंधनं मोठ्या लढतींच्या करारात हल्ली सर्रास दिसतात, आणि निम्म्या वेळा ती सुरक्षेपेक्षा मोठ्या माणसाचे पाय कापण्यासाठी घातलेली असतात.

३० दिवस आधीची मर्यादा १० टक्के, म्हणजे ७२.६. डब्ल्यूबीसीची आधीची तपासणीही याच मापाची आहे: ३० दिवस आधी १० टक्के, ७ दिवस आधी ५ टक्के. आपल्या मोठ्या बॉक्सरला आठ आठवडे मिळाले, तर ७३ वरून ६९.३ ला यायला सात आठवड्यांत ३.७ किलो चरबी, आठवड्याला अर्धा किलो. सरावात खंड न पडता हे होतं. त्याचं रोजचं वजन ७६ असतं तर? सात आठवड्यांत ६.७ किलो, आठवड्याला जवळपास एक किलो. चरबीबरोबर स्नायू जातील, शेवटच्या दहा दिवसांत पाय उचलणार नाहीत. ती जोड लावू नये. पैसे कितीही असोत.

पट्टा पणाला असेल तर

शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड, नोव्हेंबर १९८८: लालोंड १७५ पौंडांचा विजेता, लढत १६८ ला, आणि एकाच रात्री दोन गटांची जेतेपदं पणाला. पॅकियाओ-कोट्टो, २००९: १४७ चं जेतेपद, लढत १४५ ला. मेवेदर-कनेलो, २०१३: १५४ ची जेतेपदं, लढत १५२ ला. कोट्टो-गील, २०१५: १६० चं जेतेपद, लढत १५७ ला. प्रत्येक ठिकाणी तिकीटखिडकीवर ज्याचं नाव चालतं, त्याने आकडा खाली ओढला.

आमच्या मते जेतेपदाच्या लढतीला कॅचवेट नसावं. १६० चा विजेता म्हणजे १६० पौंडांना जो सगळ्यात भारी तो. त्याला १५७ ला आणून हरवणं ही वेगळी लढत झाली. पट्टा नसेल तर दोन जाणत्या माणसांनी काय ते आपसांत ठरवावं. याउलट, सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्ड कॅचवेट न मागता कनेलोशी लढायला १५४ वरून थेट १६८ ला चढला, वजनाला दोघं १६७.५ भरले आणि क्रॉफर्डने त्याला गुणांवर हरवलं. त्या निकालावर कोणी वजनाचं बोट ठेवू शकलं नाही.

मोठा माणूस खाली ओढला गेला की काय होतं, त्यासाठी डिसेंबर २००८ मधली डे ला होया आणि पॅकियाओची लढत पाहावी. डे ला होया २००१ नंतर १४७ ला लढला नव्हता, पॅकियाओ १३५ वरून वर आला होता. मर्यादा १४७, वजनाला डे ला होया १४५, पॅकियाओ १४२. रिंगमध्ये मोठा समजला गेलेला डे ला होया १४७ आणि पॅकियाओ १४८.५. एकाने पोटभर खाल्लं होतं, दुसऱ्याचं शरीर पाणी परत घेत नव्हतं. आठव्या राउंडनंतर डे ला होया स्टूलवरून उठलाच नाही. करार वाचणाऱ्याला यात लहान माणसावर अन्याय दिसत होता; झाला तो उलटा.

करारात काय लिहायचं

वजन एकाच एककात लिहा. किलोत लिहिलंत तर पौंड लिहू नका. १४७ पौंड म्हणजे ६६.६७८ किलो, कोणी ६६.७ लिहितो, आणि ६६.७ म्हणजे पौंडांत १४७.०५. ही कटकट क्षुल्लक वाटते, पण एप्रिल २०२५ मध्ये क्रिस युबँक ज्युनियर १६० च्या मर्यादेला १६०.०५ भरला आणि कॉनर बेनशी झालेल्या करारानुसार त्याला ३,७५,००० पौंड स्टर्लिंग मोजावे लागले. ०.०५ पौंड म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. १०० ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्याला हा फरक दिसलाही नसता. म्हणून काटा किती बारीक मोजणारा हवा तेही लिहा, २० ग्रॅम किंवा त्याहून बारीक, आणि ‘काट्यावर ६६.०० किंवा कमी’ अशी स्पष्ट भाषा वापरा. ‘साधारण ६६’, ‘६६ च्या आसपास’ असले शब्द करारात नकोत.

वजनाची वेळ आणि लढतीची वेळ, दोन्ही लिहा. ‘आदल्या दिवशी’ एवढंच लिहिलं की आयोजक आपल्या मुलाच्या सोयीने सकाळी नऊची वेळ ठरवतो आणि त्याला पाणी भरायला छत्तीस तास मिळतात. २४ ते ३० तासांचं अंतर ठेवावं. दोघांचं वजन एकामागोमाग, त्याच काट्यावर. वजन जास्त भरलं तर पुन्हा काट्यावर यायला किती वेळ, तेही लिहा. दोन तास हे बऱ्याच ठिकाणचं माप आहे.

दुसऱ्या दिवशीच्या वजनाला वेळ आणि टक्के द्या. आयबीएफ ही जेतेपदं देणारी आणखी एक जागतिक संस्था जेतेपदाच्या लढतीत सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेच्या वर १० पौंडांपर्यंतच चालवून घेते. २०१७ मध्ये डॅनियल जेकब्स हे वजन द्यायला गेलाच नाही. गोलोव्किनशी लढला, पण आयबीएफचा पट्टा त्याला मिळू शकणार नव्हता. सरसकट १० पौंड हे माप मला पटत नाही. ११२ पौंडांच्या बॉक्सरला ते जवळपास ९ टक्के होतात, १६८ च्या बॉक्सरला ६. टक्केवारी लिहा आणि तिचा किलोमधला आकडाही शेजारी लिहा, म्हणजे सकाळी कोणी मोबाइलवर गणित करत बसणार नाही.

दंडाचं कलम सगळ्यात काळजीने लिहायचं. २००९ मध्ये मेवेदर-मार्केझ लढत १४४ ला ठरली होती. मेवेदर १४६ भरला आणि पौंडाला ३ लाख या दराने ६ लाख डॉलर देऊन मोकळा झाला. त्याच्या कमाईत ती रक्कम किरकोळ. १४२ भरलेल्या मार्केझसमोर मोठा माणूस उभा राहिला तो राहिलाच. दंड परवडला की तो वजन विकत घेण्याचा भाव होतो. म्हणून ठोक रक्कम न लिहिता मानधनाचा हिस्सा लिहा, आणि तो चढता ठेवा: अर्ध्या किलोपर्यंत २० टक्के, एक किलोपर्यंत ४०, त्यावर लढत रद्द करण्याचा अधिकार समोरच्याला आणि तरीही त्याचं किमान निम्मं मानधन आयोजकाकडून. हा शेवटचा भाग नसेल तर गरीब घरचा मुलगा नाही म्हणूच शकत नाही. दंडाचे पैसे प्रतिस्पर्ध्याला जातील, आयोजकाच्या खिशात नाही, हेही लिहा.

ग्लोव्हजचं माप लोक विसरतात. साधारणपणे १४७ पौंडांपर्यंत ८ औंस (२२७ ग्रॅम), त्याच्या वर १० औंस (२८३ ग्रॅम). मर्यादा ६७ किलो ठरली की लढत १४७ च्या वर जाते आणि ग्लोव्ह बदलतो. ज्याचा ठोसा जड, तो ८ औंस मागेल. वजनात फरक असलेल्या जोडीला मी १० औंसच सुचवेन. राउंडची संख्याही इथेच लिहा. आपल्या गटाच्या वर चढलेल्याने पहिल्यांदा सहा राउंडच्या पुढे जाऊ नये.

काटा

मुंबईत वजनाचा कार्यक्रम बहुधा हॉटेलच्या हॉलमध्ये असतो, आणि हॉलमध्ये गालिचा असतो. गालिच्यावर ठेवलेला काटा चुकतो, कारण पाय मऊ जागेत रुततात आणि वजन चारही कोपऱ्यांवर सारखं पडत नाही. खाली जाड प्लायवुडची फळी टाका, काट्याचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणा, काटा चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या.

काट्यावर वैधमापन खात्याचा मुदतीतला शिक्का हवा. तो पाहून थांबू नका. जवळच्या धान्याच्या दुकानातून किंवा गोदामातून शिक्क्याची २० किलोची तीन वजनं आणा. तिन्ही मधोमध ठेवली की ६०.०० दिसलं पाहिजे. मग एकेक वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा. एका कोपऱ्यावर २०.१ आणि दुसऱ्यावर १९.९ दिसलं तर तो काटा बाद. ही तपासणी दोन्ही कोचच्या देखत, वजनाच्या किमान तीन तास आधी करा आणि त्यानंतर दोन्ही बॉक्सरना त्याच काट्यावर खाजगीत एकदा वजन पाहू द्या. ‘आमच्या जिममधला काटा वेगळं दाखवतो’ हा वाद तिथेच मिटतो.

वजन घेताना काट्याभोवती एक मीटरपर्यंत फक्त बॉक्सर आणि वजन वाचणारा. २००५ मध्ये कोरालेस-कॅस्टिल्यो यांच्या दुसऱ्या लढतीच्या वजनाला कॅस्टिल्योच्या पथकातल्या एकाचा पाय काट्याखाली सापडला होता. अंतर्वस्त्र काढायची वेळ आली तर टॉवेल दोन तिऱ्हाइतांनी धरावा, आणि बॉक्सरचे हात वर. बोटं टॉवेलच्या कडेवर टेकली तरी आकडा घसरतो.

मुंबईच्या हवेत वजन उतरवणं

घाम अंगावरून उडून गेला तरच शरीर थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तो उडत नाही, नुसता ठिबकतो. प्लॅस्टिकचा सूट घालून धावणाऱ्याचं वजन भराभर उतरतं, पण आतलं तापमान चढत जातं. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात, बंद खोलीत, सूट घालून दोरीवरच्या उड्या मारायला लावणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. बोलणं अडखळलं, घाम अचानक थांबला, चालीत तोल गेला की तत्काळ सूट फाडून काढा, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि इस्पितळात न्या. वजनाचा विचार तिथेच सोडायचा.

शेवटच्या आठवड्यात पाण्याआधी इतर गोष्टी कमी करा. तीन दिवस आधीपासून चोथ्याचं खाणं थांबवा: भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं, कोशिंबीर. त्याऐवजी थोडा पांढरा भात, अंडी, पापलेट किंवा कोंबडी, दही. आतड्यात चोथा कमी राहिला की अर्धा ते एक किलो घामाशिवाय जातं. पापड, लोणचं, सुकं, फरसाण दहा दिवस आधीच बंद. भात-पोळी निम्म्यावर आणली की स्नायूंतली साठवलेली साखर उतरते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. हे सगळं करून शेवटच्या चोवीस तासांत घामाने काढायला दोन टक्क्यांहून जास्त उरलं असेल, तर नियोजन चुकलेलं आहे. लघवीची गोळी आणि जुलाबाचं औषध कोणी सुचवलं तर त्या माणसाला जिममधून बाहेर काढा. लघवीच्या गोळ्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदीयादीतही आहेत.

काट्यावरून उतरल्यावर

जेवढं पाणी गेलं त्याच्या दीडपट परत जायला हवं, कारण काही लघवीवाटे निघून जातं. दोन किलो काढले असतील तर तीन लिटर. पहिल्या तासात ६०० ते ८०० मिलिलिटर, घोटघोट. त्यानंतर तासाला अर्धा लिटर. एकदम दोन लिटर ढोसलं की उलटी होते, नाहीतर पोट फुगून झोप उडते. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, बहुतेक पुड्या एक लिटरच्या असतात. दाट केली तर जुलाब होतात. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून गेलेलं मीठ एकट्या शहाळ्याने भरून येत नाही. सोबत मिठाचं ताक किंवा ओआरएस हवंच. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस त्या दिवशी नको, पोट बिघडलं तर आठ आठवडे वाया.

खाणं तासाभराने सुरू करा: मऊ भात-वरण, मुगाची पातळ खिचडी, केळं, उकडलेला बटाटा. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. वजन झाल्याच्या आनंदात बिर्याणीवर ताव मारणारे रात्रभर आंबट ढेकर देत बसतात, कारण तेलकट जेवण पोटात अडून राहतं आणि मागचं पाणीही अडवतं. सलाइन लावून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल. बारा तासांत १०० मिलिलिटरहून जास्त सलाइन वाडाच्या नियमांत बसत नाही, इस्पितळातल्या खऱ्या उपचारांचा अपवाद वगळता. आणि सलाइनशिवाय उभा राहू शकत नसेल, तो मुलगा लढायच्या अवस्थेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन, नाडी आणि लघवीचा रंग पाहा. लघवी अजून गडद पिवळी, डोकं दुखतंय, उठताना चक्कर येतेय, यांतलं काहीही असेल तर रिंगच्या डॉक्टरला सांगायची जबाबदारी कोचची आहे. बॉक्सर स्वतः कधीच सांगणार नाही.

समोरचा वजन चुकवून आला तर

हा निर्णय गर्दीत, कॅमेऱ्यासमोर घेऊ नका. दोन तास मिळालेत, ते वापरा. खोलीत बसून तीन गोष्टी तपासा. तो किती जास्त आहे, टक्क्यांत. तो सुकलेला दिसतोय की ताजा. ताजा असेल तर त्याने वजन उतरवायचा प्रयत्नच केलेला नाही आणि उद्या तो आणखी जड असेल. आणि आपल्या मुलाने स्वतः किती काढलंय.

कोरालेसने दोन्ही करून पाहिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅस्टिल्यो १३५ च्या मर्यादेला १३८.५ भरला, कोरालेस तरीही लढला आणि चौथ्या राउंडला नॉकआउट झाला. जून २००६ मध्ये तिसऱ्या लढतीला कॅस्टिल्यो १३९.५ भरला, तेव्हा कोरालेसने नकार दिला आणि लढत रद्द झाली. दुसऱ्या वेळचा निर्णय बरोबर होता.

लढायचंच ठरलं तर नवीन अटी त्याच खोलीत कागदावर घ्या: दंडाचा हिस्सा, दुसऱ्या दिवशी सकाळची मर्यादा मूळ आकड्यावरूनच मोजायची (त्याच्या जादा भरलेल्या वजनावरून नाही), १० औंसचे ग्लोव्हज, हवं तर दोन राउंड कमी. जेतेपदाची लढत असेल आणि विजेत्याने वजन चुकवलं असेल, तर त्याचा पट्टा काट्यावरच जातो आणि आव्हानवीर जिंकला तरच तो त्याला मिळतो. आव्हानवीराने चुकवलं असेल तर तो जिंकूनही पट्ट्याचा धनी होत नाही. हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निरीक्षकाकडून लिहून घ्या. दोन्ही बाजूंच्या सह्या, वेळ, काट्यावरच्या आकड्याचा फोटो, आणि एक प्रत डॉक्टरकडे. सकाळी सातला पुन्हा काट्यावर कोणाला उभं करायचं, हे त्याला त्यावरूनच कळणार असतं.